अडीच माणसांची सायकल

फोल्डिंगच्या इलेक्ट्रिक सायकलीच्या जाहिरातीत एक माणूस ठरलेला असतो. इस्त्रीचा शर्ट, एका हातात कॉफीचा कप, दुसऱ्या हातात घडी केलेली सायकल आणि चेहऱ्यावर उशीर न झाल्याचं समाधान. तो रेल्वेच्या फलाटावर उभा असतो. फलाटावर दुसरं कोणीही नसतं. गाडी येऊन थांबलेली असते, दार मोकळं असतं, दारात कोणी लोंबकळत नसतं. मी ते चित्र चष्मा लावून आणि चष्मा काढून, दोन्ही प्रकारे पाहिलं आहे. असा फलाट डोंबिवलीला रात्री दोन वाजताही मिळत नाही. तेव्हा निदान कुत्री असतात, आणि त्यांच्याही जागा ठरलेल्या असतात.

तरीही गेले बरेच महिने मी ही सायकल निवडतो आहे. घेतो आहे असं म्हणत नाही. घ्यायला पैसे लागतात, निवडायला नुसता वेळ लागतो, आणि मध्यमवर्गीय घरात या दुसऱ्या कार्यक्रमाला कधीच कोणाची हरकत नसते.

गरज मात्र खरी आहे. घर डोंबिवली पूर्वेला, घरडा सर्कलच्या पलीकडे. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. मधला सगळा प्रवास रेल्वे करून देते, तोही महिन्याला काही शे रुपयांच्या पासात. त्रास आहे तो दोन टोकांचा. सकाळी घराजवळ शेअर रिक्षाची रांग, आणि कुर्ल्याला उतरलं की पुन्हा शेअर रिक्षाची रांग.

मुंबईत विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली आणि हार्बर मार्गानं कुर्ल्याला पोचली. म्हणजे कुर्ल्याला विजेची गाडी येऊन शंभर वर्षं उलटली. तिथून बीकेसीपर्यंतचे तीन-साडेतीन किलोमीटर मात्र अजून रिक्षावाल्याच्या मूडवर आहेत. बीकेसीत भुयारी मेट्रो आली, पॉड टॅक्सीची घोषणा झाली, बुलेट ट्रेनचं स्टेशन जमिनीखाली खणताहेत. उद्या अहमदाबादचा माणूस ५०८ किलोमीटर येऊन थेट बीकेसीत उतरेल. कुर्ल्याहून येणारा तेव्हाही ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडावर बसून, "काका, पाय जरा आत घ्या" हे ऐकत येईल.

या तुकड्यासाठी सायकल बरी, हे फक्त मलाच सुचलं असं नाही. २०११ साली बीकेसीत सायकलींसाठी वेगळा मार्गच बांधला होता. त्यावर पुढे मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि २०२५मध्ये तो काढून त्या जागी मोटारींना आणखी एक मार्गिका द्यायचं ठरलं. मोटारी तिथे आधी उभ्या होत्या, आता चालतील, एवढाच काय तो फरक.

इलेक्ट्रिक सायकलीच्या बाजूनं कायदा उदार आहे. मोटर २५० वॉटच्या आतली असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होत असेल, तर सरकार तिला मोटारवाहन मानत नाही. लायसन्स नको, नोंदणी नको, नंबरप्लेट नको. ठाण्याच्या एका सायकल-दुकानदारानं हे सांगताना आवाज इतका खाली आणला की मला वाटलं, काहीतरी दोन नंबरचं चाललंय. "साहेब, पंचवीसच्या वर जात नाही बरं का," असंही तो थोड्या अपराधी सुरात म्हणाला. मी त्याला धीर दिला. मानपाडा रोडला पंचवीसचा वेग गाठलेलं वाहन मी पाहिलेलं नाही. गाठला असेल तर कोणीतरी ते टो करून नेत असणार.

दुकानदारानं मग सायकलीची घडी घालून दाखवली. मधला क्लॅम्प सोडला, सायकल कमरेत मोडली, हँडल पाडलं, सीट खाली सरकवली, पेडल आत दुमडलं. पंधरा सेकंदही लागले नसतील. दिवसभर तो तेच करतो. नंतर त्यानं ती माझ्या हाती दिली. माझी घडी झाली, पण ती कॅटलॉगमधली घडी नव्हती. कुठूनतरी एक हँडल बाहेर राहिलं आणि चाक स्वतःभोवती फिरत राहिलं. "सवयीनं होतं साहेब," तो म्हणाला. कुर्ल्याला लोकल थांबते अर्धा मिनिट. सवय लागेपर्यंत मी दादरला उतरायचं का, एवढंच त्यानं सांगितलं नाही.

बायकोचा आक्षेप वेगळ्याच दिशेनं आला. आमच्या घरात फोल्डिंगच्या तीन वस्तू आहेत. खाट, टेबल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. तिन्ही आणल्या त्या दिवशी उघडल्या त्या उघडल्याच. "अहो, घडी घालायची वस्तू या घरात घडी घालून कधी राहिली आहे?" ती म्हणाली. "सायकल दिवाणखान्यात उभी राहणार आणि मी तिच्यावर टॉवेल टाकणार. आत्ताच सांगून ठेवते."

मी तिला थोर लोकांचे दाखले दिले. पुण्याच्या ई-मोटोरॅड कंपनीत महेंद्रसिंग धोनीनं २०२४मध्ये पैसे गुंतवले, आणि त्या कंपनीची घडीची, जाड टायरांची सायकल चालवताना तो दिसला. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी हॉर्नबॅक नावाची पूर्ण आकाराच्या चाकांची घडीची इलेक्ट्रिक सायकल काढली, ती २०२३मध्ये आनंद महिंद्रांनी स्वतः चालवून पाहिली. बायकोनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोघांपैकी पास कोणाकडे आहे?"

यानंतर मी घरात दाखले देणं बंद केलं आणि लंडनला असलेल्या साडूंकडे वळलो. साडूंकडे ब्रॉम्प्टन आहे. ज्यांच्याकडे ब्रॉम्प्टन असते ते तुम्हाला हे पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. साडूंना चार पुरतात. अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरनं सत्तरच्या दशकात आपल्या लंडनच्या राहत्या फ्लॅटमध्ये ही सायकल तयार केली. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, म्हणून सायकलीचं नाव ब्रॉम्प्टन. (डोंबिवलीच्या माणसानं याच रीतीनं नाव ठेवलं असतं तर तिचं नाव 'साई कृपा को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी, बी विंग' असं झालं असतं.) चाकं १६ इंची. घडी केल्यावर लांबी ५८५ मिलिमीटर, उंची ५६५, रुंदी २७०. हे आकडे साडू गोत्र-प्रवर सांगावे तसे सांगतात. २०१८मध्ये ती इलेक्ट्रिकही आली, मोटर पुढच्या चाकात आणि बॅटरी पुढच्या पिशवीत, म्हणजे काढून खांद्याला अडकवता येते. बॅटरीसकट वजन सोळा-सतरा किलोच्या घरात.

साडूंकडून कळलेली आणखी एक गोष्ट. या सायकलींची जागतिक स्पर्धा असते. पहिली २००६ साली बार्सिलोनात झाली. स्पर्धक पळत येतात, घडी उघडतात आणि सायकल दामटतात, आणि हे सगळं कोट-टाय घालून. खेळाचे कपडे चालत नाहीत. ही स्पर्धा सकाळी ठाणे स्टेशनला ठेवली तर पहिले शंभर नंबर बाहेर जाणार नाहीत, फक्त घडीची सायकल पोचणार नाही.

"लंडनच्या ट्यूबमध्ये आता उघडी इलेक्ट्रिक सायकल नेताच येत नाही," साडू फोनवर म्हणाले. खरं आहे. तिथल्या एका स्टेशनात बॅटरीनं पेट घेतल्यावर ३१ मार्च २०२५पासून घडी न होणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींना बंदी झाली. घडीच्यांना मुभा आहे. "आणि आमच्याकडे लोक जागा करून देतात हो," साडू पुढे म्हणाले. मी विषय बदलून हवामान विचारलं.

कारण जागेचा हिशेब मी तोवर केलेला होता. मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, आणि त्याचं माप आहे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. आता साडूंची ब्रॉम्प्टन घ्या, जगातली जवळजवळ सर्वांत आटोपशीर घडी. ५८५ गुणिले २७० मिलिमीटर म्हणजे साधारण ०.१६ चौरस मीटर. तेवढ्या जागेत आपल्याकडे सव्वादोन ते अडीच माणसं उभी असतात. हीच सायकल २० इंची चाकांची घेतली की घडीची जागा दुप्पट होते. म्हणजे पाच माणसं. जाड टायरांची घेतली तर एखादं भजनी मंडळ टाळांसकट खाली उतरवावं लागेल.

कॅटलॉगमध्ये प्रत्येक सायकलीपुढे लिहिलेलं असतं, कॉम्पॅक्ट. कोणाच्या मानानं, ते लिहिलेलं नसतं. डब्यात मी पोट आत घेऊ शकतो, बॅग पुढे घेऊ शकतो, एक पाय दुसऱ्याच्या दोन पायांमध्ये ठेवून मुलुंडपर्यंत काढू शकतो. मी घडी होतो. ॲल्युमिनियमची घडी एकदाच होते, त्यानंतर ते हट्टाला पेटतं.

गंमत म्हणजे पुण्याच्या आणि नागपूरच्या मेट्रोत सायकल उघडीच्या उघडी नेता येते. मुंबईतही २०२२मध्ये मेट्रोच्या २ए आणि ७ या मार्गांवर ती सोय झाली. म्हणजे जिथे जागा आहे तिथे घडी लागत नाही, आणि जिथे घडी लागते तिथे घडीलाही जागा नाही.

हा विषय मी आमच्या डब्यातल्या ग्रुपपुढे मांडला. आमच्या ग्रुपला कोणत्याही विषयावर मत आहे, आणि ठाणे ते घाटकोपर या पट्ट्यात ते ठरावाच्या स्वरूपात येतं. सायकल कुठे ठेवायची या प्रश्नावर सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, "वर ठेवा." लोकलमध्ये कोणत्याही वस्तूबद्दल विचारलं तरी "वर ठेवा" हेच उत्तर येतं, माणसाबद्दल अजून कोणी म्हटलेलं नाही, पण ती वेळ फार लांब नाही. सतरा किलोची सायकल रॅकवर ठेवायची तर खाली बसलेल्या तिघांच्या घरच्यांची लेखी संमती लागेल, हा मुद्दा खिडकीजवळच्या काकांनी मांडला. ते स्वतः रॅकखाली बसतात.

मग ती सायकल आहे की सामान, यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, घडी घातली की ती बॅग. दुसऱ्याचं म्हणणं, चाकं दिसताहेत तोवर सायकलच. तिला मालडब्यात जावं लागेल आणि तिचं वेगळं तिकीट. तिसऱ्यानं सुचवलं की तिला गवसणी शिवून घ्या, मग टीसीला वाटेल हार्मोनियम आहे. डब्यात भजनी मंडळ असल्यामुळे ही सूचना सर्वांत व्यवहार्य ठरली.

प्रत्यक्ष उपयोगाच्या सूचनाही निघाल्या, आणि त्या कुठल्याही माहितीपत्रकात नाहीत. चेन घडीच्या आत जाणारी हवी, नाहीतर बेल्ट हवा. चेन बाहेर राहिली तर तिचं ऑइल कोणाच्या पँटला लागणार हे ठरलेलं असतं, त्या दिवशी डब्यात पांढरी पँट घातलेला एकच माणूस असतो त्याच्या. घंटी काढून ठेवायची. गर्दीत कोणाचीतरी पाठ तिच्यावर रेलते आणि ठाणे ते कुर्ला घंटी वाजत राहते, आणि लोक तुमच्याकडे पाहत राहतात. आपल्याकडच्या पुष्कळ सायकलींना हँडलवर थ्रॉटल असतो, म्हणून चढण्याआधी मेन स्विच बंद. चाक हवेत फिरायला लागलं तर तुमची बाजू ऐकून घ्यायला कोणी थांबणार नाही. आणि एसी लोकलचा तर विचारच नको. दारं आपोआप मिटतात, आणि मधे काही अडकलं तर मिटत नाहीत. दार मिटलं नाही तर गाडी सुटत नाही. साध्या लोकलमध्ये तुम्ही फक्त दारातल्या आठ जणांचे शत्रू होता. एसीत बारा डब्यांचे.

आता वजनाचं बोलतो, कारण खरी मेख तिथे आहे. साधी घडीची सायकल अकरा ते तेरा किलोची असते. तिला मोटर लावा, बॅटरी लावा, की ती सोळा-सतरावर जाते, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळशा त्याहून जड आहेत. सतरा किलो हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. म्हणून मी घरी प्रयोग केला. स्वयंपाकाच्या गॅसचा रिकामा सिलिंडर पंधरा-सोळा किलोचा असतो. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. एका रविवारी सकाळी मेगाब्लॉकचा मुहूर्त साधून मी ऑफिसची बॅग पाठीला लावली, रिकामा सिलिंडर उचलला आणि जिना उतरून पुन्हा चढलो. पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, "गॅस संपला का?" वर येताना त्यांनीच विचारलं, "मिळाला नाही का?" तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सोसायटीत बातमी होती की आमचं गॅसचं कनेक्शन बंद झालंय.

डोंबिवली स्टेशनच्या पुलाला यापेक्षा कमी पायऱ्या आहेत, पण तिथे पायऱ्या रिकाम्या नसतात. सरकता जिना आहे, तो ज्या दिशेला चालू असतो त्या दिशेला आपलं काम नसतं. बॅटरी काढून खांद्याला लावता येते हे खरं, पण त्यानं सायकल तीन किलोंनी हलकी होते आणि मी तीन किलोंनी जड होतो. पुलाला आम्ही दोघं मिळून तेवढेच.

आणि ही वीज नेमकी कुठे उपयोगी पडणार? कुर्ला ते बीकेसी रस्ता सपाट आहे. मिठी नदीचा पूल हा वाटेतला हिमालय. सपाट रस्त्यावर साधी सायकल रमतगमत चालवायला ५० ते १०० वॉट पुरतात, आणि तेवढे माझ्या वयाचा माणूस चहा-बिस्किटावर काढतो. म्हणजे जिथे मोटरची गरज नाही तिथे ती मला ओढणार, आणि जिथे खरोखर गरज आहे, त्या पुलाच्या पायऱ्यांवर, मी तिला ओढणार. मोटर आणि रेल्वे या दोन गोष्टी एका सायकलीत बसवल्या की पहिलीचे उपकार दुसरीच्या जिन्यावर फेडावे लागतात. कॅटलॉगवाले हे लपवतात असं नाही. त्यांच्या फलाटाला जिनाच नसतो.

यावर दुकानदारानं फार चांगला मुद्दा मांडला. "साहेब, घाम येत नाही. ऑफिसला शर्ट कोरडा." मला क्षणभर पटलंही. मग आठवलं की शर्टाचा प्रश्न मुलुंडलाच निकालात निघालेला असतो, आणि तो घाम पूर्णपणे माझा असतो असंही नाही.

रेंजच्या बाबतीत तर आपण सगळे सारखेच. मला रोज चालवायचे आहेत जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर. ३०० वॉट-अवरची छोटी बॅटरी त्याला पुरून उरते, तीस किलोमीटर तरी सहज. तरी माझं बोट कॅटलॉगमध्ये ८० किलोमीटरवाल्या मॉडेलवर जाऊन थांबलं. का? असू दे, लागलं तर. म्हणजे एखाद्या दिवशी मी ऑफिसला न जाता कर्जतला निघून गेलो तर. त्या एका दिवसासाठी रोज दीड किलो जास्त बॅटरी पुलावरून वाहायची माझी तयारी होती.

पावसाळ्याचं थोडक्यात. बॅटरीवर 'आयपी ६७' लिहिलेलं पाहून खूश होऊ नका. त्याचा अर्थ, एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ती टिकते. कुर्ल्यात पाणी साचतं तेव्हा खोलीची अट बहुधा पाळली जाते, अर्ध्या तासाची नाही.

आमच्या ग्रुपमधले ऑडिटवाले मात्र नुसते निवडत बसले नाहीत. त्यांनी २० इंची सायकल घेतलीच. त्यांचंही ऑफिस बीकेसीत. पहिल्या दिवशी ते नेहमीच्या डब्यात चढायला आले, आणि ज्या माणसांनी त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या होत्या त्या माणसांनी त्यांना ओळख दाखवली नाही. ते मालडब्यात गेले. तिथे त्यांना दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या आणि रिकाम्या टोपल्यांवर बसलेल्या मावश्या भेटल्या. मालडब्यातलं जग आपल्या डब्याहून सुसंस्कृत आहे असं ते सांगतात. तिथे वस्तूला मान असतो. एका मावशीनं सायकल खालीवर पाहून विचारलं, "किती किलोची हाय?"

"एकवीस."

"इजेवर चालते?"

"हो."

"मंग दादा, ती तुला न्यायची सोडून तूच तिला का नेतोस?"

ऑडिटवाल्यांनी हा प्रश्न आमच्यापर्यंत आणला. आम्ही त्यावर ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत चर्चा केली. अजून उत्तर निघालेलं नाही.

ऑफिसात तर पुढचा अंक झाला. काचेची इमारत, खाली सुरक्षारक्षक. "सर, हे वाहन आहे की मटेरियल? वाहन असेल तर बेसमेंट, मटेरियल असेल तर मागचं गेट." ऑडिटवाल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना असलेच प्रश्न विचारले असल्यामुळे त्यांना राग येईना. त्यांनी मटेरियल म्हणून नोंद केली. संध्याकाळी बाहेर पडताना कळलं, मटेरियल बाहेर न्यायला गेटपास लागतो, त्यावर ॲडमिनची सही लागते, आणि ॲडमिन साडेपाचला जातं. सायकल रात्री आतच राहिली. दुसऱ्या दिवशी गेटपास मिळाला, पण तो एका दिवसाचा. हळूहळू त्यांनी नाद सोडला. सायकल आता त्यांच्या टेबलाखाली कायमची मुक्कामाला आहे, रोज वेळेवर कामावर हजर असते. ते रिक्षानं जातात.

मी अशी सायकल घरी आणली असती तरी फार सुख नव्हतं. आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या प्लगवर एकानं इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावली, तेव्हा विशेष सर्वसाधारण सभा झाली होती आणि तिला वार्षिक सभेपेक्षा जास्त गर्दी होती. सायकलीची बॅटरी चार्ज करायला लागते अर्धं युनिटही नाही. पण सोसायटीत युनिटावरून भांडण होत नाही, तत्त्वावरून होतं.

एवढं सगळं झाल्यावर मला एक दिवस कुर्ला स्टेशनबाहेर एक डबेवाला दिसला. लोकलमधून उतरला, डबे उतरवून घेतले, बाहेर भिंतीला टेकवलेल्या सायकलीला लटकवले आणि निघून गेला. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला तेव्हापासून या मंडळींचं अख्खं पोट रेल्वे आणि दोन टोकं यांच्यावर चाललं आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांत त्यांच्यापैकी कोणाला सायकल लोकलमध्ये चढवावीशी वाटली नाही. माणूस आणि डबा गाडीतून जातात, सायकल स्टेशनवर थांबते. काळी, जड, एका गिअरची, स्टँड वाकलेला. घडी होत नाही, कारण तिला कुठे जायचंच नसतं.

हिशेबही सरळ आहे. साडूंच्या इलेक्ट्रिक ब्रॉम्प्टनच्या पैशांत, म्हणजे तीन लाखांच्या आसपास, दोन्ही टोकांना एकेक अशा जुन्या सायकली घेऊन उरलेल्या रकमेत आमच्या इमारतीला लिफ्टचा पहिला हप्ता देता येईल. आपल्याकडची तीस-चाळीस हजारांची घडीची इलेक्ट्रिक घेतली तरी तेवढ्यात जुन्या सायकली किती येतील ते मोजत नाही, घरात ठेवायला जागा नाही.

ज्यांची ऑफिसची वेळ उलटी आहे, जे सकाळी दहानंतर कल्याणच्या दिशेनं जातात, ज्यांच्या स्टेशनची लिफ्ट चालते आणि ज्यांचा सुरक्षारक्षक प्रेमळ आहे, त्यांनी घडीची इलेक्ट्रिक सायकल जरूर घ्यावी. १६ इंची चाकं, सतरा किलोच्या आत, बॅटरी काढता येणारी, चेन आत जाणारी, आणि ८० किलोमीटरच्या मॉडेलकडे बघायचंही नाही. बाकीच्यांनी, म्हणजे सकाळच्या फास्टवाल्यांनी, निवडत राहावं. त्याला खर्च नाही.

माझं ठरलं आहे. डोंबिवलीच्या टोकाला भाच्याची सायकल मिळाली. कुर्ल्याच्या टोकासाठी हवी आहे. कोणाकडे जुनी, चालती, रंग उडालेली, चोराला मोह होणार नाही अशी सायकल पडून असेल तर कळवावं. कुर्ला पश्चिमेला पोचती केलीत तर वडापाव माझ्याकडून. इलेक्ट्रिक नको.